वर्ग खाली आणा

दिव्यांग मुलांना साध्या शाळेत घेऊ नका, असं तोंडावर आता कुणी म्हणत नाही. म्हणतात ते असं: "तत्त्व म्हणून मान्य आहे हो, पण व्यवहारात जमत नाही. एका वर्गात साठ मुलं, शिक्षक एकटा. त्यात एखादं न दिसणारं, एखादं मतिमंद मूल आणून बसवलं तर त्यालाही काही कळत नाही आणि बाकीच्यांचाही खोळंबा होतो. समावेशित शिक्षण सरकारने करून पाहिलं, ते फसलं. त्यापेक्षा विशेष शाळा बऱ्या. तिथे शिकलेसवरलेले शिक्षक असतात, त्यांच्यासारखीच मुलं असतात, कुणी चिडवत नाही. पोराचं भलं त्यातच आहे."

शिक्षकांच्या बैठकांत, पालकसभांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता पुढचं वाक्य कोणतं येणार ते आधीच कळतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांतले कित्येक जण तळमळीने शिकवणारे शिक्षक आहेत. म्हणूनच या म्हणण्याला नीट, मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवं. तुसडेपणाने हाकलून दिलेले आईबाप निदान चिडतात, भांडतात. कळवळ्याने परत पाठवलेले आईबाप मान खाली घालून घरी जातात, कारण गुरुजी सांगतायत ते खरंच असेल असं त्यांनाही वाटतं. पुढची दहा वर्षं ते मूल ओट्यावर बसून शाळेत जाणारी पोरं बघतं.

माझं म्हणणं असं: जो प्रयोग फसला म्हणून सांगतात, तो झालेलाच नाही. झाली ती फक्त पटावर नावं चढवण्याची नोंद. आणि तो न झाल्याचा दोष आपण प्रयोग न करणाऱ्यांवर न टाकता मुलावर टाकतो आहोत.

'करून पाहिलं' म्हणजे काय काय केलं, ते आधी बघू. शक्य तिथे दिव्यांग मुलांनी सर्वसाधारण शाळेतच शिकावं, ही शिफारस कोठारी आयोगाच्या 1966 च्या अहवालात आहे. 1974 मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. ती सुरू केली कल्याण मंत्रालयाने. शिक्षण खात्याकडे यायला तिला 1982 उजाडलं. मग 1995 चा अपंग व्यक्ती कायदा झाला. 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि सर्वसमावेशक शिक्षणाची हमी जगापुढे दिली. 2009 मध्ये शिक्षणहक्क कायदा आला, 2012 मध्ये त्यात दुरुस्ती करून दिव्यांग मुलांना वंचित घटकांत घेतलं, 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य करणारा नवा हक्क कायदा झाला, 2020 च्या शैक्षणिक धोरणाने त्याचाच पुनरुच्चार केला. कागदांची कमतरता कधीच नव्हती.

या कागदांनी वर्गापर्यंत काय पोहोचवलं? समग्र शिक्षा योजनेत एका दिव्यांग मुलासाठी वर्षाला जास्तीत जास्त 3,500 रुपये धरलेले आहेत. दिवसाला दहा रुपयांच्याही आत. मुलगी असेल तर वर वर्षातले दहा महिने दरमहा 200 रुपये. एका चांगल्या श्रवणयंत्राची किंमत ज्याने विचारली आहे त्याला या रकमेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

शिक्षकांची गोष्ट याहून बोलकी आहे. किती मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, एवढं ठरवायलाही सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर 2021 मध्ये न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांसाठी पंधरा मुलांमागे एक, असं प्रमाण घालून दिलं. राज्यं हलली नाहीत. मार्च 2025 मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की पदं मंजूर करा आणि भरा. महाराष्ट्राने 2024 मध्ये 4,860 विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली, म्हणजे केंद्रामागे एक. एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. त्याआधी वर्षानुवर्षं हे काम कंत्राटी माणसांनी ओढलं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विशेष शिक्षक, स्वतःच्या मोटरसायकलवर गावोगाव फिरणारे, दरवर्षी मुदतवाढीच्या आदेशाकडे डोळे लावून बसलेले. त्यांनी जे केलं ते मोठं आहे. पण महिन्यातून एकदा तासभर भेटणाऱ्या माणसाच्या जिवावर एखादं मूल ब्रेल कसं शिकणार?

रॅम्पचंही तसंच. चाकाची खुर्ची विनासायास चढावी यासाठी उताराचं मान एकास बारा लागतं. शाळेचं जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. तुमच्या गावातल्या शाळेचा रॅम्प आज पावलांनी मोजून बघा. पाच-सहा फुटांत उरकलेले, घसरगुंडीसारखे रॅम्प मी पाहिले आहेत. त्यावर खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना पोर जीव मुठीत धरून बसतं. वर पोचल्यावर दाराला उंबरा असतोच. दिव्यांगांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहात मोडके बाक आणि खेळाचं साहित्य भरलेलं असतं, किल्ली शिपायाकडे. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीतल्या माहितीत मात्र 'रॅम्प आहे' आणि 'स्वच्छतागृह आहे' या दोन्ही ठिकाणी 'होय' भरलेलं असतं. त्याच माहितीवरून योजना आखल्या जातात आणि त्याच माहितीच्या आधारे 'सगळं देऊनही फसलं' असं सांगितलं जातं.

अशा शाळेत मूल टिकत नाही, यात नवल काय? युनेस्कोने 2019 मध्ये भारतातल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर अहवाल काढला. 2011 च्या जनगणनेच्या आधारे त्यात दिसतं की 5 ते 19 वयोगटातल्या दिव्यांग मुलांपैकी 27 टक्के मुलं कोणत्याही शाळेत कधीच गेलेली नाहीत. पाच वर्षांच्या मुलांत तर चारांतली तीन शाळेबाहेर. साधी शाळा की विशेष शाळा असा वाद आपण तावातावाने घालतो, तेव्हा ही मुलं त्या वादात धरलेलीच नसतात. त्यांच्यापुढे असलेला पर्याय तिसराच आहे: घर. साध्या शाळेने नाकारलेलं मूल आपोआप विशेष शाळेत जातं, हा समज शहरात बसून केलेला आहे.

आता 'व्यवहारात जमत नाही' या शब्दांकडे. एका शाळेच्या कार्यालयात मी एका आईबरोबर बसले होते. मुलाला सेरेब्रल पाल्सी, पाय वळलेले, हातात पेन्सिल धरता येते पण लिहायला वेळ लागतो. बोलणं अडखळत, समज उत्तम. शाळा दोन मजली. मुख्याध्यापक मऊ आवाजात म्हणाले, "ताई, आमची काहीच हरकत नाही. पण तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. रोज वर-खाली कसा करणार? हाल त्याचेच होतील." आई गप्प. तिच्याबरोबर आलेल्या विशेष शिक्षकाने विचारलं, "सर, खाली कोणता वर्ग भरतो?" खाली सातवी भरत होती. "मग सातवी वर न्या आणि तिसरी खाली आणा." खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही, कारण त्याला उत्तर नव्हतं. सातवीच्या पोरांनी एका दुपारी बाक इकडचे तिकडे केले. एक रुपया लागला नाही, कुणाची मंजुरी लागली नाही.

ही काही अपवादाने घडलेली गोष्ट नाही. 'अडचण आहे' म्हणून जे पुढे केलं जातं त्यातली बरीच अडचण ही मांडणीची असते. वेळापत्रकाची, बाकाच्या जागेची, परीक्षेला किती मिनिटं द्यायची याची. ती सोडवायची सोडून मुलाला बाजूला काढणं आपल्याला सोपं वाटतं, कारण मांडणी आपण केलेली असते आणि मूल बाहेरून आलेलं असतं. 2016 च्या कायद्याने नेमकं हेच उलटं केलं आहे. त्याचं सोळावं कलम शाळेला सांगतं की मुलाला भेदभाव न करता घ्या, इमारत त्याला वापरता येईल अशी करा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करा, लागेल तो वैयक्तिक आधार द्या. मूल शाळेजोगं आहे का, हे तपासण्याचा अधिकार त्या कलमात शाळेला कुठेही दिलेला नाही.

साठ मुलांच्या वर्गाचा मुद्दा सगळ्यांत जोराने मांडला जातो, म्हणून तो जरा तपासून घेऊ. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक. म्हणजे साठांचा वर्ग हाच मुळी बेकायदा आहे. कायद्याचा एक भंग दुसऱ्या भंगाचं समर्थन म्हणून पुढे केला जातो, आणि त्याची किंमत ज्याच्यामुळे वर्ग साठाचा झाला नाही त्या मुलाने मोजायची! शिक्षकांवरचा बोजा खरा आहे. शाळाबाह्य कामं, ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा, निवडणुका, रिक्त पदं, हे सगळं खरं आहे आणि त्याविरुद्ध शिक्षक संघटनांनी आवाज उठवला तर दिव्यांग मुलांच्या पालकांनी त्यांच्यामागे उभं राहिलं पाहिजे. पण त्या लढ्यात मुलाला ढाल म्हणून पुढे धरू नये. शिवाय याच महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत. तिथे साठ मुलं नाहीत. तिथेही उत्तर तेच मिळतं. तिथे कारण दुसरं असतं: शिक्षक दोनच आहेत, बहुवर्ग अध्यापन आहे. पट मोठा असो की छोटा, नकार ठरलेला असेल तर पटाचा मुद्दा खरा कितपत आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि 'बाकीच्यांचा खोळंबा'? एका जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गात मी मागे बसून गणिताचा तास पाहिला. वर्गात एक जन्मांध मुलगी होती. सर फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करत होते आणि बोलत होते, "हे आणि हे गुणायचं, मग इकडचं तिकडे न्यायचं, म्हणजे बघा हे आलं." मुलगी ब्रेल पाटीवर हात ठेवून नुसती बसलेली. तास संपल्यावर फिरत्या विशेष शिक्षिकेने सरांना एवढंच सांगितलं की 'हे', 'ते', 'इकडे' म्हणू नका, आकडे तोंडाने बोला. दुसऱ्या तासाला सर बोलले ते असं: "तीन छेद चार अधिक दोन छेद पाच. छेद सारखे करून घेऊ. चार पंचे वीस. वर तीन पंचे पंधरा, आणि बे चोक आठ. पंधरा आणि आठ तेवीस. उत्तर तेवीस छेद वीस." मुलीची लेखणी चालू लागली. पण मला सांगायचं आहे ते मागच्या बाकावरच्या मुलाबद्दल. त्याला फळा धूसर दिसतो हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळे त्याला 'ढ' समजत. त्या दिवशी उत्तर बरोबर काढून तो वही घेऊन सरांकडे गेला. कानावर आकडे पडले आणि त्याला गणित कळलं.

चांगलं शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं? जे एका मुलासाठी करावं लागतं त्याचा फायदा उरलेल्या वर्गातल्या चार-पाच जणांना हमखास होतो, कारण प्रत्येक वर्गात असे चार-पाच जण असतात ज्यांची अडचण कागदावर आलेली नसते. हा माझा एकटीचा अनुभव आहे असंही नाही. दिव्यांग मुलं वर्गात असल्याने बाकीच्यांच्या अभ्यासावर काय परिणाम होतो, यावर झालेल्या 26 अभ्यासांचा आढावा इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले पाचांतले चार निष्कर्ष एकतर परिणाम चांगला झाल्याचे होते किंवा काहीच फरक न पडल्याचे. इटलीने तर 1977 मध्ये कायदा करून विशेष वर्गच बंद केले आणि दिव्यांग मुलांना जवळजवळ सरसकट सर्वांच्या शाळेत आणलं, आधाराला जादा शिक्षक देऊन. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. आधार-शिक्षकांची चणचण तिथेही असते. पण तिथल्या दोन पिढ्या अशा वर्गांत शिकून मोठ्या झाल्या आहेत आणि बाकीच्या मुलांचं शिक्षण त्याने बुडालेलं नाही.

विशेष शाळांबद्दल बोलताना मला जपून बोलायचं आहे, कारण त्यांचे उपकार मी मानते. मुंबईत 1885 मध्ये कर्णबधिरांसाठी शाळा निघाली, 1900 मध्ये दादरच्या अंध मुलींच्या शाळेची सुरुवात झाली, 1944 मध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी जय वकील शाळा उभी राहिली. बाकी सगळी दारं बंद होती तेव्हा या माणसांनी एक दार उघडलं. ब्रेल, वाचाउपचार, एकट्याने वावरण्याचं प्रशिक्षण, बौद्धिक दिव्यांग मुलाला एकेक कौशल्य तुकड्या-तुकड्यांनी शिकवण्याची हातोटी, हे सगळं ज्ञान या शाळांनी शंभर-सव्वाशे वर्षं सांभाळलं आणि वाढवलं. या शाळा उद्या बंद करा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण त्यांचंच उदाहरण पुढे करून साध्या शाळेचं दार लावून घेणं, हा त्यांच्या कामाचा विपर्यास आहे. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था काढली, विशेष शाळा चालवल्या. त्याच संस्थेने पुढे आपली मुलं सर्वसाधारण शाळांत पाठवायला घेतली, आणि दिव्यांग व अदिव्यांग सगळे एकत्र, असा अर्थ असलेलं 'अडॅप्ट' हे नवं नाव धारण केलं. ज्यांनी विशेष शाळा आयुष्य वेचून चालवल्या त्यांनाच हे पटलं असेल, तर ज्यांनी एकही चालवली नाही त्यांनी विशेष शाळेचा एवढा आग्रह कशाच्या जोरावर धरावा?

व्यवहाराची भाषा करणाऱ्यांनी नकाशाही बघावा. विशेष शाळा बहुतेक करून जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी असतात. वाडीवस्तीवरच्या मुलाला तिथे जायचं तर वसतिगृहात राहावं लागतं. सहा-सात वर्षांचं मूल, ज्याला नीट सांगता येत नाही की पोट दुखतंय की आईची आठवण येतेय, ते घरापासून ऐंशी किलोमीटरवर. त्याच्या धाकट्या भावाला मात्र शाळा चालत पाच मिनिटांवर. भावंडांपैकी एकाला घर मिळतं, दुसऱ्याला ते दिवाळी आणि मे महिन्यात मिळतं. मोठा होऊन तो गावी परततो तेव्हा गावात त्याचा एकही वर्गमित्र नसतो. ग्रामपंचायतीत, बँकेत, दुकानात बसलेल्या कुणालाही त्याच्याशी कसं बोलावं हे ठाऊक नसतं, कारण त्यांनी त्याच्याबरोबर कधी डबा खाल्लेला नसतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आपल्याकडे विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. त्या आधी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, 2022 पासून स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. स्वतंत्र विभाग होणं ही चांगलीच गोष्ट झाली. पण मूल विशेष शाळेत गेलं की त्याची फाइल शिक्षण खात्याच्या टेबलावरून उठते, आणि त्या मुलाला वाचता येतं की नाही हा प्रश्न शिक्षणाधिकाऱ्याला विचारण्याची सोय राहत नाही.

महाराष्ट्राने हा वाद एकदा घातलेला आहे, वेगळ्या संदर्भात. करवीर संस्थानात अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. त्या काढण्यामागे हेतू त्या मुलांनी शिकावं हाच होता. सर्वांच्या शाळेत सवर्ण पालक त्यांना बसू देत नाहीत, मग निदान वेगळं तरी शिकू द्या, असा तो विचार. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मध्ये या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. तेव्हाही सांगितलं गेलं असणार की समाज तयार नाही, मुलांचे हाल होतील, बाकीचे पालक आपली मुलं काढून घेतील. महाराजांनी समाज तयार होण्याची वाट बघितली नाही. एका वर्गात बसल्याशिवाय समाज तयार होत नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

यावर ताबडतोब आक्षेप येतो की हे उदाहरण लागू पडत नाही. अस्पृश्य मुलांना शिकवण्यात वेगळं काहीच लागत नव्हतं. अडसर फक्त बाकीच्यांच्या मनात होता. अंध मुलाला ब्रेल लागतंच. आक्षेप बरोबर आहे, आणि त्यातून निघतं ते एवढंच की हुकमाबरोबर साधनंही द्यावी लागतील. ब्रेल लागतं म्हणून शाळेत ब्रेल आणा. ब्रेल लागतं म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवा, हे त्यातून कुठल्याच तर्काने निघत नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. कर्णबधिर मुलांच्या बाबतीत वेगळ्या शाळेची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मला गंभीर वाटतं, आणि ते बहुतेक वेळा कर्णबधिर माणसांचंच असतं. ते म्हणतात, आमची भाषा खुणांची आहे. ज्या वर्गात ती भाषा कुणालाच येत नाही, त्या वर्गात बसवलेलं मूल दिवसभर हलणारे ओठ बघतं आणि घरी येतं. त्याला ना मराठी धड येते ना खुणांची भाषा. हे शंभर टक्के खरं आहे. अशा मुलाला पहिली काही वर्षं त्याची भाषा बोलणाऱ्या मुलांत आणि शिक्षकांत मिळालीच पाहिजेत. 2016 च्या कायद्याच्या एकतिसाव्या कलमातही 6 ते 18 वयाच्या मुलाला शेजारची शाळा किंवा त्याच्या पसंतीची विशेष शाळा, दोन्ही पर्याय दिलेले आहेत. पण पसंती मुलाची आणि त्याच्या घरच्यांची आहे, मुख्याध्यापकाची नव्हे. आणि साध्या शाळेत खुणांची भाषा जाणणारा एकही शिक्षक नसताना 'तुम्हीच विशेष शाळा निवडली' असं पालकांना म्हणणं म्हणजे त्यांना निवडीची संधीच न देता निवडीचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं. सतराव्या कलमाने सरकारवर खुणांची भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. ती पार पाडा, मग पसंती विचारा.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाबद्दल तर शिक्षक थेट विचारतात: "त्याला सातवीचं गणित येणारच नाही, मग सातवीत बसून करणार काय?" तो शिकेल पैसे मोजायला, घड्याळ बघायला, बसची पाटी वाचायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला. सातवीच्या त्याच खोलीत, त्याच्यासाठी वेगळा आखलेला पाठ घेऊन. आणि बाकीचे त्याच्याकडून काही शिकतील का, हा प्रश्न मी इथे मुद्दाम बाजूला ठेवते. आपल्या मुलांना सहानुभूती यावी म्हणून दिव्यांग मूल वर्गात हवं, हा युक्तिवाद चांगल्या मनाने केला जातो, पण मला तो मान्य नाही. ते मूल दुसऱ्यांवर संस्कार करायला शाळेत येत नाही. ते शिकायला येतं.

गृहाधारित शिक्षणाची तरतूद तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी आहे, त्यांनी मागितली तर द्यायची. जी मुलं अंथरुणाला खिळलेली आहेत त्यांच्यासाठी ती लागतेच. पण खुर्चीवर बसून, आधार घेऊन, रिक्षाने शाळेत येऊ शकणारं मूलही 'गृहाधारित' म्हणून नोंदवलं जातं, हे मी पाहिलं आहे. शिक्षक आठवड्यातून एकदा जातात, मुलाला रंग ओळखायला लावतात, फोटो काढतात, सही घेतात. मुलाला रिक्षाचं भाडं दिलं असतं तर ते वर्गात बसलं असतं.

चिडवण्याबद्दल एकच. मुलं चिडवतात, हे खरं. ती बुटक्याला चिडवतात, काळ्याला चिडवतात, तोतरं बोलणाऱ्याला चिडवतात, आणि कोणत्याही चांगल्या शाळेत त्यावर चिडवणाऱ्याला समज दिली जाते. चिडवून घेणाऱ्याचा दाखला हातात देण्याची रीत फक्त दिव्यांग मुलासाठी राखलेली आहे.

शेवटी खासगी इंग्रजी शाळांकडे येते, कारण सगळ्यांत सफाईदार नकार तिथेच मिळतो. "आमच्याकडे सुविधा नाही. तुमच्या मुलाला न्याय देता येणार नाही." किंवा, "मदतनीस शिक्षिका तुम्ही तुमच्या खर्चाने ठेवा, मग बघू." पालकांचा समज असा की कायदा सरकारी शाळांना लागू, खासगीला नाही. हे चूक आहे. सोळावं कलम सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आणि सरकारमान्य अशा सगळ्या शैक्षणिक संस्थांना लागू आहे. मान्यता घेतली की जबाबदारी आली. कायदा मोडला तर 89 व्या कलमाखाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा मोडला तर 50,000 पासून 5 लाखांपर्यंत.

पण या कलमांचा उपयोग व्हायचा तर हातात कागद हवा, आणि नकार कधी कागदावर दिला जात नाही. तो तोंडी असतो, गोड असतो, बहुतेक वेळा चहा पाजून दिलेला असतो. तेव्हा पालकांना माझं सांगणं आहे: प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. 'सुविधा नाही' म्हणाले तर तेच वाक्य शाळेच्या कागदावर, सहीनिशी मागा. बऱ्याच ठिकाणी बोलणं याच क्षणी बदलतं आणि 'बघू, काय करता येतं ते' असं उत्तर येतं. नाही बदललं तर तो कागद, किंवा कागद द्यायला नकार दिल्याची तुमची तारीखवार नोंद, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्या, आणि एक प्रत पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवा. शाळेला बोलावून घेण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने आयुक्तांना दिलेले आहेत. आणि हे जूनवर टाकू नका. खासगी शाळांचे प्रवेश त्याच्या कितीतरी आधी उरकलेले असतात, आणि मग 'जागा भरल्या' हे त्यांचं उत्तर खरं ठरतं.